गाडीत पहिलं कोण

आमच्या ह्यांना साधी सायकलसुद्धा धड चालवता यायची नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक उगाच समजतात, सुमतीबाईंचे यजमान म्हणजे कुणीतरी मोठे इंजिनियर असतील. काही नाही हो. चिंतामणराव फोर्टात एका विलायती कंपनीत हेडक्लार्क. कडक इस्त्रीचा कोट, काळी टोपी, आणि मासळीबाजारातून सरंगा आणतानासुद्धा पिशवीचे बंद हातरुमालात धरायचे. अशा माणसाने भंगारातून अँब्युलन्स उचलून आणली आणि आमच्या दादरच्या बिल्डिंगच्या मागच्या अंगणात तिच्याखाली चार वर्षं लोळण घेतली. तेलकट बनियनं मी धुतली. म्हणून मला बोलायचा हक्क आहे, आणि मी बोलणार.

सुरुवात झाली छप्पन्नच्या जानेवारीत. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, गोळीबार चालला होता, ट्रामा बंद. हे ऑफिसातून चालत निघाले. लालबागेत गोळी लागलेल्या एका गिरणीकामगाराला लोकांनी हातगाडीवर घातलं होतं. ओढणारा ह्यांना म्हणाला, "साहेब, जरा डोकं धरा ह्याचं." ह्यांनी धरलं आणि धरून परळपर्यंत चालत गेले. इस्पितळाचं फाटक दिसायला लागलं तेव्हा तो गेला.

घरी आले ते कोट रक्ताने भिजलेला. मी ओरडलेच, मला वाटलं ह्यांनाच लागलं. हे मोरीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सुमती, हातगाडीवरून गं. बटाट्याच्या हातगाडीवरून माणूस नेला आम्ही. लोक वाटसुद्धा देत नव्हते, त्यांना वाटलं माल चाललाय." मी कोट भिजत घातला. डाग काही गेला नाही, तो कोट शेवटी बोहारणीनेही घेतला नाही.

मग ह्यांच्या डोक्यात एकच, आपल्या भागाला आपली गाडी हवी. आमच्या बिल्डिंगीतल्या मंडळाचा सेक्रेटरी शशिकांत, विमा कंपनीतला उत्साही मुलगा, तो लगेच "काका, करूच" म्हणून तयार. पण गाडी आणली लहूने. लहू म्हणजे आमच्या मासळीवाल्या काशीबाईचा थोरला, वरळीच्या कोळीवाड्यातला. डॉकवर मासळीची लॉरी चालवायचा. त्याने रे रोडला लाकडाच्या वखारीमागे एक युद्धाआधीची बेडफर्ड पाहिली होती. चव्वेचाळीस साली गोदीत स्फोट झाला तेव्हा तिने जखमी वाहिले म्हणे, आणि नंतर तिला कुणी विचारलं नाही. दोरखंड बांधून ओढत आणली ती अंगणात. आत कोंबडीने अंडी घातली होती! मी म्हटलं, "अहो, ही गाडी आहे की खुराडं?" हे म्हणाले, "सुमती, कोंबडीला कळलं, ही जीव जपायची जागा आहे." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

इंजिन लहूने आणि त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीने केलं. पत्रा ठोकून घेतला, रंग दिला. ह्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली ती पाटी. ड्रायव्हरच्या डोक्यावर, टपाच्या कपाळाला एक काचेची पेटी होती. आत दिवा, बाहेर दुधी काच, काचेवर लाल क्रॉस आणि इंग्रजी अक्षरं. काच फुटलेली, पेटीत उंदरांचं घर. ह्यांनी ठरवलं, अक्षरं मराठी हवीत, रुग्णवाहिका. समोर एक आणि दोन्ही अंगांना एकेक, तिन्ही पेट्या दिव्याच्या.

आमच्या तळमजल्यावरच्या कमळाबाईंनी विचारलं, "चिंतामण, म्हणजे काय रे हे? नदीचं नाव का?" सगळे हसले. हे मात्र शांतपणे म्हणाले, "कमळाबाई, चारदा दिसली की कळेल."

मेली ती अक्षरं! जेवायच्या खोलीत जमिनीभर कागद. आखायचं, खोडायचं, परत आखायचं. मागून दिवा लागला की काचेवरचं अक्षर बारीक दिसतं, उजेड त्याच्या कडा खातो. म्हणून रेघ जाड करायची. जाड केली की लांबून अक्षराला अक्षर चिकटतं. मग मधली जागा वाढवायची, तर शब्द पेटीत मावेना. हे संध्याकाळी पेटीमागे बल्ब धरायचे आणि मला अंगणाच्या पार टोकाला उभी करायचे, विहिरीपाशी. "वाचता येतं का गं?" "येतं." "म्हणायचं म्हणून येतं म्हणू नकोस. तुझा माणूस मरायला टेकलाय आणि तू गाडी शोधते आहेस असं समज. आता वाच." मी चिडायची. गॅसवर... छे, गॅस कुठला तेव्हा, शेगडीवर माशाचं संबार उकळत असायचं आणि मी विहिरीपाशी उभी, डोळे ताणून. पण खरं सांगू? लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि रोज संध्याकाळी ह्यांनी मला असं समोर उभं करून काही विचारावं, ते त्याच वेळी झालं. मला आवडायचं ते. बोलले मात्र कधी नाही, चिडूनच दाखवलं.

साठ सालच्या होळीच्या सुमाराला गाडी तयार झाली. पांढरीशुभ्र. पितळेची घंटा घासूनपुसून लखलखीत. लहू ब्रेक तपासायला तिला एकदोनदा रस्त्यावर फिरवून आला. मिळणार मिळणार म्हणून ज्याच्यासाठी लोक तुरुंगात गेले ते राज्यही आता एक मेला मिळणार होतं. शशिकांत म्हणाला, "उद्घाटन एक मेलाच. राज्य आणि गाडी एकाच दिवशी." हे खूश. माझीही हरकत नव्हती.

पण मग कमळाबाईंनी तो विषय काढला. म्हणाल्या, "गाडीत पहिलं कोण झोपणार ते ठरवा आधी." शशिकांत हसला. कमळाबाई हसल्या नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाने मागे एक ढकलगाडी केली होती, स्ट्रेचर लावलेली. तिच्यातला पहिलाच पेशंट वाटेत गेला. झालं! लोक तिला तिरडी म्हणायला लागले. पाय मोडलेला माणूससुद्धा लंगडत जायचा, पण तिच्यात बसायचा नाही. शेवटी मांडवाचे बांबू वाहायला कामाला आली ती.

ह्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं तर त्याला "तू आधी" म्हणून वाट देणारा माणूस. पण त्या रात्री ताट अर्धं ठेवून उठले. नंतर म्हणाले, "माझा विश्वास नाही गं. पण लोकांचा आहे, आणि बसायचं लोकांनी आहे. गाडी उत्तम झाली आणि भीतीने कुणी आत पाय ठेवला नाही, तर काय उपयोग?"

मग ह्यांनीच तोड काढली. आमची नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मे महिन्यात दिवस भरत होते. गाडीत पहिली नलू बसणार. दुखायला लागलं की गाडीतून सूतिकागृहात जाणार आणि बाळ घेऊन गाडीतूनच परत येणार. जाताना एक, येताना दोन. कमळाबाईंनी ह्यांची अलाबला घेतली. मंडळाच्या सभेत टाळ्या पडल्या. नलू लाजून आत पळाली, पोट सांभाळत. गाडीची किल्ली ह्यांनी आमच्या देव्हाऱ्यात ठेवली, आणि सगळ्यांना बजावलं, नलूच्या आधी कुणीही नाही.

तीस एप्रिल, शनिवार. अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून हे घरी आले. उन्हाने अंग भाजत होतं. जेवले, आणि न झोपता खाली अंगणात. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन, म्हणून गाडीला आंब्याच्या पानांचं तोरण, दाराला लाल फीत. दिवेलागणीच्या आधी मी चहा घेऊन खाली गेले, तर हे स्टुलावर चढून पाटीची काच पुसत होते. मी म्हटलं, "पुरे की आता. घासून घासून अक्षरं जातील." हे उतरले आणि गाडीच्या पायरीवर बसले. चहा घेतलाच नाही. चेहरा असा झाला होता की मी कप खाली ठेवला. घामाने सदरा चिंब. डावा हात उजव्या हाताने धरलेला. म्हणाले, "सुमती, छातीवर कुणीतरी बसलंय."

मी शशिकांतला हाक मारली. तो मांडवातून धावत आला, बघितलं, आणि पोरगं पांढरं पडलं. त्याला मोटार चालवता यायची, ऑफिसची गाडी चालवायचा तो. "काकी, किल्ली आणतो," म्हणाला आणि वळला.

"थांब," हे म्हणाले. आवाज नव्हताच, तरी शशिकांत थांबला. "गाडीला हात लावायचा नाही. टॅक्सी बघ."

"काका, आज टॅक्सी? सगळी मुंबई शिवाजी पार्कला चाललीय!"

"मग व्हिक्टोरिया बघ."

मी भडकले. अहो, पाठ टेकून बसलेत ती गाडी कुणाची? आत गादी, पांढरी चादर, सगळं तयार, आणि ह्यांना घोडागाडी हवी! मी म्हटलं, "शशिकांत, तू किल्ली आण. मी सांगते."

ह्यांनी माझा हात धरला. "मी तिच्यात गेलो तर? पहिलाच मी, आणि गेलो. मग नलूला बसवशील तू तिच्यात? खरं सांग."

खोटं बोलता आलं असतं, बोलले नाही. हे माझ्याकडेच बघत होते, विहिरीपाशी उभी करून बघायचे तसे.

"चार वर्षं, सुमती. एका दिवसात तिरडी होईल तिची. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. गाडी काढायची नाही."

संपलं. नवऱ्याच्या गळ्याची शपथ घातल्यावर बायको काय करणार? आम्हांला लहानपणापासून शिकवलेलं, गळ्याची शपथ मोडली की ज्याचा गळा तो माणूस मरतो. मी मोडली नाही. तरी हे गेलेच.

नाक्यावरची व्हिक्टोरिया मिळाली. शशिकांत पुढे गाडीवानाशेजारी, मी मागे, ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. रानडे रोड माणसांनी भरून वाहत होता. परळ-लालबागेकडून लोकांचे लोंढे पार्काकडे निघालेले, ढोल, लेझीम, झेंडे, आणि आम्ही त्यांच्या उलटे. शशिकांत ओरडत होता, "बाजू व्हा, पेशंट आहे, पेशंट!" कुणाला ऐकू जातंय? सगळेच ओरडत होते. लोकांना दिसत होतं काय, तर व्हिक्टोरियात एक जोडपं. पांढऱ्या सदऱ्यातला नवरा बायकोच्या खांद्यावर मान टाकून बसलाय. त्यांना वाटलं, आम्ही रोषणाई बघायला निघालोय.

टिळक पुलाच्या चढावर घोडा थांबलाच. चारी बाजूंनी माणसं. कुणीतरी ह्यांच्या अंगावर गुलाल उधळला. एक बाई, माझ्याच वयाची, हसत हसत पायरीवर चढली आणि माझ्या हातात पेढा ठेवला. "घ्या ना वहिनी, महाराष्ट्र झाला! साहेबांनाही द्या!" बिचारी, तिचा काय दोष? मी पेढा मुठीत धरून राहिले. टाकवेना. अन्न आहे ते, आणि ज्याच्यासाठी ह्यांनी सत्याग्रहात पंधरा दिवस तुरुंग भोगला त्याचा आहे. ह्यांनी डोळे उघडले, पुलावरून दिसणाऱ्या दिव्यांच्या माळांकडे बघितलं आणि म्हणाले, "छान केलंय." तेवढंच. मग मान जड झाली. खांद्याला कळतं ते. मी शशिकांतला लगेच सांगितलं नाही. मुलगा अजून ओरडत होता, "बाजू व्हा, बाजू व्हा."

परळला इस्पितळात तरुण डॉक्टर होता. नाडी बघितली, डोळे बघितले, गुलाल बघितला. म्हणाला, "बाई, आधी नाही का आणायचं?" काय सांगणार त्याला? गाडी दारात होती, पण पहिला मान माझ्या मुलीचा होता?

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत काही झालं नाही. शशिकांतने एकट्याने फीत सोडली आणि तोरण उतरवून ठेवलं. आणि नलूला? तिला आठवड्याभरातच पहाटे दुखायला लागलं. रडून रडून डोळे सुजलेली पोर. म्हणाली, "आई, मी बाबांच्याच गाडीतून जाणार." लहू वरळीहून आला, किल्ली मी देव्हाऱ्यातून काढून दिली. गाडी गेली, घंटा वाजत गेली. मुलगा झाला, सुखरूप.

दहा दिवसांनी तिला घरी आणलं. सगळी बिल्डिंग अंगणात. कमळाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी मागे, जिन्याच्या सावलीत उभी. नवी विधवा होते, ओवाळायला पुढे कशी जाणार? नातू मात्र वर नेताना कुणीतरी माझ्या हातात दिला क्षणभर. कपाळ थेट ह्यांचं. कमळाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "गाडी पायगुणाची हो! पहिल्याच फेरीत मुलगा घेऊन आली." तिथल्या तिथे दोन बायकांनी शशिकांतकडे नावं सांगून ठेवली, एकीची सासू आजारी, एकीच्या दिराला पक्षाघात. म्हणजे ह्यांचं बरोबरच होतं. लोक बसणार होते गाडीत.

माणसं पांगली. लहू एकटाच राहिला, गाडीचं दार पुसत. मी खाली उतरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटत होतं मला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "लहू, बरं झालं रे बाबा. माणूस गेला, पण त्याचा शब्द राहिला. नलूच पहिली बसली."

लहूने फडकं खाली टाकलं. हा दांडगा कोळी, वादळात होडी घालणारा, आणि माझ्या पायांशी खाली बसला.

"वैनी, नलूताई पयली नाय."

"काय?"

"पाडव्याच्या नंतर मी बिरेक बघायला गाडी काढली व्हती ना, भायखळ्यापरेंत? भाजीबाजाराशी एक हमाल पडलेला. छातीला हात लावून. घाम नुसता. त्याच्या मानसांनी पाटी वाचली आनि हात जोडून आडवी झाली गाडीला. मी काय करू वैनी? नाय म्हनू? घातला त्याला आत. दिवा लावला, घंटा वाजवली. काय सांगू, सगला रस्ता बाजूला झाला. ट्राम उभी र्‍हायली. हां हां म्हनता परळला."

माझा हात जिन्याच्या कठड्यावर होता. तो तिथेच राहिला.

"साहेबांना सांगायचा धीर झाला नाय. त्यांनी नलूताईचं ठरवलेलं, किती खूश व्हते. म्हटलं, उद्घाटन होऊ दे, मग हसत हसत सांगीन, ते पन हसतील. त्या दिवशी मी कोळीवाड्यात व्हतो वैनी, होड्यांना दिवे बांधीत. मी असतो इथं तर..."

"तो हमाल," मी म्हटलं. "त्याचं काय झालं?"

लहूने पडलेलं फडकं उचललं.

"लहू, तुला विचारते आहे मी."

"वाचला, वैनी. चालत घरी गेला. मागच्या आइतवारी माझ्याकडं केल्यांचा घड घेऊन आला व्हता."

मी त्याला मारायला हात उचलला होता, खरंच उचलला होता. पण तो रडत होता आणि वर नलूचं बाळ रडत होतं, दोघांना एकदम कोण गप्प करणार? मी वर गेले. शेगडी पेटवली, बाळंतिणीचा शेक करायचा होता. धुराने डोळ्यांतून पाणी येतं ते बरं असतं, कुणी काही विचारत नाही.

अहो, ऐकताय का? मला ठाऊक असतं, तर शपथ घालायच्या आधीच तुमच्या तोंडावर हात ठेवला असता मी. तुम्ही पहिले नव्हतातच हो.